दोन मशीन, एक वायर आणि गायब झालेले पाच महिने : दुकानातल्या स्टोरेजचं कनेक्शन कसं तपासायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये मी माझ्या दुकानातली दोन लिनक्स मशीन एका वायरने थेट जोडून दाखवली. व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, जोडलं, पण चालत नाही. आता काय बघू?" म्हणून हा लेख. कमांड टाइप कशा करायच्या ते व्हिडिओत स्क्रीनवर दिसतंच. इथे आपण त्यामागचा विचार आणि तपासायचा क्रम बघू. क्रम डोक्यात बसला की कमांड कुठेही सापडते. क्रम नसेल तर शंभर कमांड पाठ असूनही माणूस अंधारातच चाचपडतो.

"मी कॉम्प्युटरचा धंदा करत नाही, मला काय त्याचं?" असं कोणी म्हणेल. थांबा. तुमचं बिलिंग कॉम्प्युटरवर आहे ना? ग्राहकांचे फोटो, डिझाइन, उधारीचा हिशोब त्याच्यावरच आहे ना? जीएसटी नंबर असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोबाची कागदपत्रं जपावी लागतात. म्हणजे सहा वर्षं. दुकानातला माल चोरीला गेला तर परत भरता येतो. सहा वर्षांचा हिशोब बाजारात विकत मिळत नाही.

आधी माझी फजिती ऐका

माझं दुकान साजगावला. झेरॉक्स, प्रिंटिंग, आयकार्ड, लग्नाचे अल्बम. दोन मशीन आहेत. पुढच्या मशीनचं नाव 'काउंटर'. त्यावर बिलिंग आणि फोटोचं काम. आतल्या खोलीतल्या जुन्या मशीनचं नाव 'कोठार'. त्यात दोन मोठ्या डिस्क, एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवरही. काउंटर आणि कोठार यांच्यामध्ये राउटर नाही, स्विच नाही. एक वायर, इकडून तिकडे. रोज रात्री साडेआठला काउंटरवरचं दिवसभराचं काम आपोआप कोठारात जाऊन पडतं. निदान मी तसं समजत होतो.

आमच्या इथे बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते. वर्षाचा सगळ्यात मोठा सीझन. मागच्या यात्रेत पहिल्याच दिवशी, दुकानात दहा-बारा माणसं उभी असताना, काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दादा, बिल निघत नाहीये. डिस्क फुल म्हणतंय."

डिस्क एक टीबीची. मी म्हटलं, जून-जुलैच्या जुन्या ऑर्डर उडवू, कोठारात कॉपी आहेच. बॅकअपचं फोल्डर उघडलं, सगळं दिसलं. निर्धास्त झालो आणि काउंटरवरचे मूळ फोटो उडवले. साधारण १८० जीबी मोकळे झाले, बिलं सुरू झाली, गर्दी निघून गेली.

रात्री दुकान बंद करण्याआधी काउंटर एकदा रिस्टार्ट केलं आणि सहज कोठाराचं फोल्डर उघडलं. त्यात मे महिन्यापर्यंतचंच काम होतं. जून नाही, जुलै नाही, गणपती नाही, दिवाळी नाही. दुपारी याच डोळ्यांनी बघितलेलं सगळं गायब. जूनमधली शेवटची दोन लग्नं, एक बारसं, मंडळांचे फोटो. त्यातल्या एका लग्नात नवरीच्या आजीचा शेवटचा फोटो होता. आजी श्रावणात गेल्या होत्या आणि त्यांच्या घरच्यांनी तो फोटो मोठा करायला सांगितला होता. यात्रा संपल्यावर देतो, असं मी कबूल केलं होतं.

खरं सांगतो, खुर्चीवर बसलो तो उठवेना.

माझा एक जुना विद्यार्थी खोपोलीत एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. त्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, डिस्क किती भरलेली दाखवतेय आणि फोल्डरांची बेरीज किती येतेय?"

'डीएफ' ही कमांड सांगत होती ७५० जीबी वापरलेले. 'डीयू'ने त्याच डिस्कवरच्या फोल्डरांची बेरीज केली तर साधारण ४०० जीबी. मधले ३५० जीबी कुठे?

तो म्हणाला, "माउंट काढून बघा ना एकदा."

"काढू? उरलंसुरलंही जाईल रे."

"काही जात नाही सर. फक्त चटई उचलतोय आपण."

मी कोठाराचं माउंट काढलं, त्यासाठी 'यूमाउंट' कमांड आहे. तेच फोल्डर पुन्हा उघडलं. पाचही महिने आत होते. आजींचा फोटोसुद्धा.

नेमकं काय झालं होतं?

हे समजून घ्या, कारण नेटवर्क स्टोरेजचा सगळ्यात धोकादायक बिघाड हाच आहे. लिनक्समध्ये दुसऱ्या मशीनचं स्टोरेज आपल्याकडे एखाद्या रिकाम्या फोल्डरवर 'चढवतात'. यालाच माउंट म्हणतात. माउंट झालं की त्या फोल्डरमध्ये कोठार दिसतं. माउंट झालं नाही तर ते आपल्याच डिस्कवरचं साधं फोल्डर असतं. बॅकअपच्या प्रोग्रामला त्यातला फरक कळत नाही, तो बिचारा त्यातच लिहीत बसतो. म्हणजे माझा बॅकअप पाच महिने मूळ कामाच्याच डिस्कवर पडत होता. म्हणूनच डिस्क भरली. नंतर माउंट झालं तेव्हा कोठार त्या फोल्डरवर चटईसारखं पसरलं आणि खालचं सगळं झाकलं गेलं.

मग पाच महिने माउंट का झालं नाही? जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या, म्हणून मी रोज रात्री दोन्ही मशीन नीट बंद करून मेन स्विच खाली करायला लागलो. सकाळी स्विच वर केला की दोन्ही एकदम चालू. काउंटरमध्ये एसएसडी, ते मिनिटाभरात तयार. कोठार जुनं, त्याला डिस्क तपासत उठायला चार-पाच मिनिटं लागतात. काउंटर कोठाराला हाक मारायचं तेव्हा कोठार अजून झोपलेलं असायचं. आणि सेटिंगमध्ये मीच 'नोफेल' लिहून ठेवलं होतं. म्हणजे माउंट झालं नाही तरी तक्रार न करता पुढे जा. यात्रेच्या रात्री मी फक्त काउंटर रिस्टार्ट केलं, कोठार जागंच होतं, म्हणून त्या दिवशी माउंट झालं.

वायर चांगली, मशीन चांगली, डिस्क चांगली. चूक होती ती क्रमात, आणि माझ्या न बघण्यात.

तपासायचा क्रम : पाण्याच्या पाइपसारखा

आपल्या खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ सालचं. लोणावळा, वळवण, शिरवटा इथल्या तलावांचं पाणी पाइपांतून घाट उतरून खाली येतं. समजा खाली पाणी आलं नाही, तर शहाणा माणूस आधी काय बघेल? पाइप जोडलाय का, मग व्हॉल्व्ह उघडा आहे का, आणि शेवटी खालचं यंत्र. नळालाच पाने लावत बसणारा दिवस घालवतो. आपलंही तसंच आहे. सहा पायऱ्या आहेत. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही.

पायरी १ : वायर

दोन्ही मशीनच्या पोर्टवर दिवा लागलाय का? थेट जोडणीत एक गोष्ट वेगळी असते. मध्ये स्विच असेल तर समोरचं मशीन बंद असूनही आपल्या पोर्टचा दिवा लागतो. थेट वायर असेल तर समोरचं मशीन बंद झालं की बहुतेक वेळा आपल्याकडेही 'वायरच नाही' असं दिसतं. 'नो कॅरिअर' वाचलं की लगेच वायर बदलायला धावू नका. आधी आतल्या खोलीत जाऊन दुसरं मशीन चालू आहे का ते बघा.

दिवा लागला तरी वेग बघा. 'ईथटूल' कमांड वेग दाखवते. गिगाबिट कार्ड असून १०० दाखवत असेल तर बहुधा वायरमध्ये खोट आहे. गिगाबिटला वायरमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली, क्लिप नीट बसली नाही, की मशीन निमूटपणे खालच्या वेगावर येतं. चालतं, पण कासवासारखं. गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, १०० वर जेमतेम ११-१२. म्हणजे तासाभराचं काम नऊ-दहा तासांवर.

पूर्वी थेट जोडणीला वेगळी 'क्रॉस' वायर लागायची. गिगाबिट कार्डांना ती लागत नाही, साधी वायर चालते. कोणी त्या नावाखाली जास्त पैसे मागितले तर हसून नाही म्हणा.

पायरी २ : पत्ता

घरातल्या वायफायला राउटर पत्ते वाटतो. इथे मध्ये राउटरच नाही, तर पत्ता वाटणार कोण? म्हणून दोन्हीकडे पत्ता हाताने लिहायचा. मी काउंटरला १०.१०.१०.१ आणि कोठाराला १०.१०.१०.२ दिलाय. पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर ओळखा, मशीनला पत्ता कोणी दिला नाही म्हणून त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलाय.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, दुकानाच्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ चे असतात आणि थेट वायरलाही लोक त्याच घराण्यातले पत्ते देतात. मग मशीनला कळत नाही की कोणत्या दाराने जायचं. दोन वायरी, दोन वेगळी घराणी, हे पक्कं लक्षात ठेवा. दुसरी चूक, थेट वायरवर गेटवे भरतात. त्या वायरीच्या पलीकडे जगच नाही, तिथे गेटवे रिकामाच ठेवायचा. नाहीतर काउंटरचं इंटरनेट बंद पडतं आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला फोन करत बसता.

पायरी ३ : हाक

आता 'पिंग' करा. उत्तर आलं तर रस्ता आहे. पण छोटी हाक पोचली म्हणजे मोठं सामानही पोचेल, असं नाही. यूट्यूबवर बघून बरेच जण वेग वाढवायला 'जम्बो फ्रेम' लावतात, म्हणजे पाकिटाचा आकार १५०० वरून ९००० करतात, आणि तोही एकाच मशीनवर. मग गंमत बघा. पिंग चालतं, फोल्डरची यादी दिसते, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं गोठू शकतं. तपासायला पाकीट न फोडता ८९७२ आकाराचं पिंग पाठवा. ९००० मधून पाकिटावरचे २८ बाइट वजा केले की हाच आकडा येतो. ते पोचत नसेल तर दोन्हीकडे परत १५०० करा. आपल्या दुकानाला तेवढं पुरतं.

पायरी ४ : दार

रस्ता आहे, पण दुकान उघडं आहे का? दोन लिनक्स मशीनमध्ये फोल्डर वाटायला मी एनएफएस वापरतो. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने १९८४ साली काढलेली ही पद्धत आजही ठणठणीत आहे. तिचं दार आहे २०४९ नंबरचं. ते दार ठोठावून बघा आणि उत्तर नीट वाचा, कारण उत्तरातच निदान असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तुम्ही घरापर्यंत पोचलात, पण आत माणूस नाही. कोठारावर एनएफएसची सेवा चालू नसेल, ती चालू करा. 'टाइम्ड आउट' आलं तर बहुतेक फायरवॉल तुमची हाक गिळून बसलीय. पिंग चालतंय आणि दार मात्र 'नो रूट टू होस्ट' म्हणतंय, तर तीही बऱ्याचदा फायरवॉलच असते. नाव रस्त्याचं, पण अडवणारा वॉचमन. अशा वेळी पूर्ण फायरवॉल बंद करू नका. फक्त थेट वायरच्या पोर्टवरून, फक्त काउंटरच्या पत्त्याला, २०४९ उघडा.

पायरी ५ : परवानगी

'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर कोठारावरची वाटपाची यादी बघा, ती 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या फाइलमध्ये असते. तिथे पत्ता आणि लगेच कंसात हक्क लिहायचे. दोघांच्या मध्ये एक स्पेससुद्धा नको. स्पेस पडली तर अर्थ बदलतो. ते हक्क तुमच्या काउंटरला न मिळता बाकी सगळ्यांना मिळतात. एका स्पेसमुळे दुकानाची किल्ली गावाला! फाइल बदलल्यावर 'एक्स्पोर्टएफएस' कमांडने यादी नव्याने वाचायला लावा, हे विसरू नका.

दुसरं म्हणजे, फोल्डर दिसतं पण लिहिता येत नाही. लिनक्स माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखतं. काउंटरवर तुमचा नंबर १००० आणि कोठारावर १००१ असेल, तर नाव तेच असूनही तुम्ही परके. दोन्हीकडे नंबर सारखे करा. आणि काउंटरवरचा मालक 'रूट' कोठारात साधा पाहुणा धरला जातो. ती सुरक्षेसाठी केलेली सोय आहे, घाईने काढून टाकू नका.

पायरी ६ : माउंट, आणि खरोखरच माउंट

'फाइंडमाउंट' कमांडने बघा, त्या फोल्डरवर कोठार आत्ता चढलंय का? नुसतं फोल्डर उघडून बघायचं नाही. मी तेच केलं आणि फसलो.

कधी उलटा प्रकार होतो. कोठार मध्येच बंद पडलं की काउंटरवरचा प्रोग्राम थिजतो, 'डीएफ'सुद्धा अडकतं. घाबरू नका. एनएफएसची ही सवय आहे, समोरचा परत येईपर्यंत ते वाट बघतं. कोठार चालू करा, काम पुढे सरकतं. ही वाट बघणं टाळायला कोणी 'सॉफ्ट' माउंट लावायला सांगेल. बॅकअपसाठी ते नको, कारण मध्येच हात सोडला तर फाइल अर्धवट राहू शकते. 'स्टेल फाइल हँडल' असा संदेश आला तर सहसा कोठारावरचं फोल्डर बदललेलं किंवा हलवलेलं असतं. माउंट काढून पुन्हा लावा.

मी आता काय बदललं?

पैसे जवळजवळ लागलेच नाहीत.

एक, कोठाराचा स्विच वेगळा केला. सकाळी आधी कोठार, मग झाडलोट, देवाला अगरबत्ती, मग काउंटर. रात्री उलट, आधी काउंटर बंद, मग कोठार.

दोन, माउंटच्या सेटिंगमध्ये ऑटोमाउंट लावलं. म्हणजे मशीन सुरू होताना एकदाच हाक मारून गप्प बसायचं नाही, फोल्डरची गरज पडेल तेव्हा पुन्हा प्रयत्न करायचा.

तीन, बॅकअपच्या प्रोग्रामला पहिलाच प्रश्न विचारायला लावला की माउंट आहे का? नसेल तर काहीही लिहू नको, मला मोबाइलवर निरोप पाठव.

चार, माउंट काढलेलं असताना खालच्या रिकाम्या फोल्डरला कुलूप घातलं. 'सीएचअ‍ॅटर' कमांडने ते बदलता न येणारं करता येतं. आता माउंट नसेल तर त्यात एक अक्षरही लिहिलं जात नाही, सरळ चूक दाखवली जाते. शांतपणे चुकण्यापेक्षा ओरडून अडणारं मशीन धंद्याला बरं.

पाच, दर एकादशीला कोठारातली कोणतीही एक जुनी फाइल काढून उघडून बघतो. बॅकअप झाला का, यापेक्षा बॅकअपमधून परत मिळालं का, हा खरा प्रश्न आहे.

सहा, तिसरी कॉपी घरी. एक बाहेरची डिस्क, दर रविवारी भरायची आणि काढून ठेवायची. कारण काउंटरमध्ये व्हायरस शिरला तर माउंट असलेलं कोठारही त्याच्या हातात सापडतं. तीन कॉपी, दोन प्रकारच्या जागा, एक कॉपी दुकानाबाहेर.

धंद्याच्या बाजूने दोन शब्द

मित्रांनो, मी ते मूळ फोटो का उडवले? गर्दीत घाई झाली म्हणून. गर्दीच्या वेळी कधीही काही डिलीट करायचं नाही, हा नियम आता काउंटरवर चिकटवलाय. जागा संपली तर रिकामी डिस्क जोडायची, सामान तिकडे हलवायचं, उडवायचं नाही.

दुसरं, ग्राहकाशी बोली स्पष्ट करा. आता माझ्या बिलावर छापलंय की अल्बम दिल्यापासून ९० दिवस फोटो जपून ठेवू, पुढची जबाबदारी आमची नाही. पण माझ्याकडून मी ते जास्त काळ ठेवतोच. कबूल केलं त्यापेक्षा थोडं जास्त देणाऱ्याचं दुकान टिकतं.

आणि तिसरं, हे काम तुम्ही बाहेरच्या माणसाकडून करून घेत असाल तर पैसे देण्याआधी त्याला म्हणा, "कोठार बंद करा, काउंटर चालू करा, आता बॅकअप काय करतो ते दाखवा." चालू असताना सगळंच चालतं. बंद असताना कसं वागतं, यात काम कळतं.

आजींचा फोटो यात्रेनंतर मोठा करून, फ्रेम लावून दिला. घरच्यांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी तो हातात घेतला, पुसला आणि पिशवीत ठेवला. पैसे विचारले तेव्हा मी फ्रेमचेच घेतले. प्रिंटचे घ्यायला हात होईना.

या आठवड्याचा गृहपाठ : आज दुकान बंद करण्याआधी तुमच्या बॅकअपमधून सहा महिन्यांपूर्वीचं एक बिल काढून उघडा. उघडलं तर छान, वर दिलेली सहावी पायरीही एकदा तपासून घ्या. नाही उघडलं तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा, आणि तोपर्यंत काहीही डिलीट करू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओमध्ये. धंदा करा, हिशोब ठेवा, आणि ठेवलेला हिशोब सापडतोय का ते बघा!